मालगाडी घसरते ती लांबीमुळे की जोडणीमुळे?

मालधक्का

मोठी मालगाडी घसरली की लगेच मागणी सुरू होते, गाड्या फार लांब झाल्यात, लांबीवर मर्यादा घाला. मला ही मागणी चुकीच्या जागी बोट ठेवणारी वाटते. गाडीत रिकाम्या आणि भरलेल्या वाघिणी कोणत्या क्रमाने लावल्या आहेत आणि इंजिनं कुठे आहेत, यावर बहुतेक गोष्टी ठरतात.

२१ जून २००१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात बीएचपी या खाण कंपनीने लोहखनिजाची गाडी चालवली. ६८२ वाघिणी, ८ इंजिनं, ७.३ किमी लांबी, वजन जवळजवळ १ लाख टन. ती बंदरापर्यंत पोहोचली. १५ ऑगस्ट २०२२ ला भारतीय रेल्वेची 'सुपर वासुकी' धावली, पाच रेक (म्हणजे वाघिणींचे पूर्ण संच) एकाला एक जोडून, २९५ वाघिणी, साडेतीन किमी, २७ हजार टन कोळसा. तीही पोहोचली. दोन्हींत सगळ्या वाघिणी एकाच लांबीच्या, सगळ्या भरलेल्या, आणि इंजिनं गाडीभर वाटलेली.

आता २ ऑगस्ट २०१७ चा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या हिंडमनचा अपघात बघा. १७८ डबे, म्हणजे पिलबाराच्या गाडीतल्या वाघिणींच्या पावाहून थोडेच जास्त. रिकाम्या डब्यांचा गट पुढे, मागे प्रचंड वजन, आणि लांब उतारावर वेग आवरायला त्या रिकाम्या डब्यांचेच हँडब्रेक आवळलेले. हलक्या डब्याचं चाक ब्रेकखाली फिरायचं थांबतं आणि घसटत जातं. चाकाचा पृष्ठभाग एका जागी सपाट होतो, शेजारी वितळलेल्या धातूचा थर चढतो. असं चाक वळणावर रूळ सोडणारच. चौकशीत एनटीएसबीने (अमेरिकेचं वाहतूक अपघात चौकशी मंडळ) हीच दोन कारणं दिली, हँडब्रेकचा गैरवापर आणि रिकामे डबे पुढे ठेवणं.

वळणावरचा हिशेब सोपा आहे. कपलिंगमधल्या ओढीला वाघिणीच्या लांबीने गुणा आणि वळणाच्या त्रिज्येने भागा, की त्या वाघिणीवर आतल्या बाजूला किती जोर येतो ते मिळतं. १०० टन ओढ, ३५० मीटर त्रिज्या, १०.७ मीटरची वाघीण, तर जोर ३ टन. तिथेच २७ मीटरचा रिकामा सपाट डबा लावला तर ७.७ टन. त्याचं वजन ३० टन धरा. मग एका बोगीवर (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, दर डब्याला दोन) आडवा जोर ३.८५ टन, तर आतल्या बाजूच्या चाकांवर उभा भार फक्त ७.५ टन. गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं. ०.६ पाशी रूळ कुशीवर कलंडायचा धोका सुरू होतो. भरलेल्या ९० टनी वाघिणीचं हेच गुणोत्तर ०.०७ सुद्धा होत नाही. यात गाडीच्या लांबीचं पद आलंय कुठे?

चाकरूळ

असहमत. लांबीचं पद त्या १०० टनांत दडलंय. ओढ १०० टन का झाली? मागे तेवढं वजन आहे म्हणून. आणि उतारावर ओढीऐवजी दाब येतो, त्याचा विचार तुमच्या हिशेबात नाही.

दोन गोष्टी थेट लांबीबरोबर वाढतात. एक म्हणजे कपलिंगमधला ढिलेपणा. कप्लरचं रिकामं अंतर आणि ड्राफ्ट गियरची (कप्लरमागची धक्का झेलणारी यंत्रणा) दबण्याची जागा मिळून दर वाघिणीमागे १० ते १५ सेंमी धरा. दीडशे वाघिणींत १५ ते २२ मीटर झाले. पुढची गाडी ब्रेकखाली मंदावलेली असताना मागचे हजारो टन तेवढं अंतर मोकळे धावत येतात आणि धडकतात. हा धक्का सगळ्यात जास्त कुठे बसेल, ते गाडी चढ-उताराच्या कोणत्या भागावर आहे त्यावर ठरतं. लांब गाडी एकाच वेळी दोन-तीन चढ-उतारांवर पसरलेली असते. पुढचा भाग दाबाखाली, मधला ओढीखाली, शेपूट पुन्हा दाबाखाली. चालकाच्या हातात मात्र एकच ब्रेक हँडल.

दुसरी गोष्ट हवेचा प्रवास. गाडीभर जाणाऱ्या ब्रेक पाइपमधली हवा सोडली की ब्रेक लागतो. इमर्जन्सी ब्रेकची लाट ब्रेक पाइपमधून सेकंदाला साधारण २५० ते २८० मीटर जाते. तीन किमीच्या गाडीत शेवटच्या वाघिणीला कळायला दहा सेकंदांच्या वर लागतात. गाडी ताशी ६५ किमीने असेल तर तेवढ्यात शेपूट १८० मीटरच्या वर ब्रेकविना पुढे आलेलं असतं. साधा सर्व्हिस ब्रेक याहून सावकाश जातो.

आकडेही आहेत. २०२४ मध्ये 'रिस्क ॲनालिसिस' या नियतकालिकात अमेरिकेतल्या घसरण्यांचा अभ्यास आला. ५० डब्यांच्या गाडीच्या तुलनेत १०० डब्यांच्या गाडीने माल नेला तर घसरण्याची शक्यता ११ टक्के जास्त, २०० डब्यांना २४ टक्के जास्त. लांब गाड्या केल्या की फेऱ्या कमी होतात, हे वजा करूनही.

मालधक्का

चाकरूळ, त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा लांब मालगाड्यांवरचा अहवाल आला. त्याचा रोख साडेसात हजार फुटांच्या वरच्या मिश्र गाड्यांवर आहे. मिश्र म्हणजे टाकी, सपाट, बंद, लांब, आखूड, भरलेले, रिकामे असे सगळे डबे एकत्र. एकाच मालाच्या रेककडे बोट नाही. मिश्र गाडी लांब केली की वाईट जोडणीला वाव वाढतो, हे मला मान्यच आहे. पण मग नियम जोडणीवर करा. नुसती लांबीवर मर्यादा घातली तर ८० डब्यांची वाईट जोडलेली गाडी कायद्याने निर्दोष ठरेल.

हवेच्या दहा सेकंदांवर तोडगा जुना आहे. मध्ये आणि मागे रेडिओने चालणारी इंजिनं लावा. ती आपापल्या जागेवरून पाइपची हवा सोडतात, तीन किमीची गाडी ब्रेकपुरती एक-एक किमीची होते.

ब्रेकव्हॅन

रेडिओवरचा एवढा विश्वास मला पटत नाही. खोल कटिंगमध्ये, बोगद्यात संपर्क तुटतो. तेव्हा मागचं इंजिन शेवटचा हुकूम धरून ढकलतच राहतं, निदान ठरलेल्या वेळेपर्यंत किंवा ब्रेक पाइपचा दाब घसरेपर्यंत. पुढे ब्रेक आणि मागे ढकल ही लांब गाडीतली सगळ्यात वाईट अवस्था.

जुन्या जड मालगाड्यांबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. व्हॅक्यूम ब्रेकमुळे त्यांची लांबी आपोआप मर्यादित राहायची. निर्वाताचा जोर कमी आणि लाट मंद, त्यामुळे मोठी गाडी करताच येत नसे. धुऱ्याच्या (ॲक्सलच्या) पेटीत पितळी बेअरिंग, त्याला पांढऱ्या धातूचं अस्तर, खाली तेलात भिजवलेला सुताचा बोळा. हे बेअरिंग तापायला लागलं की आधी तेल जळायचं, निळसर धूर निघायचा, उग्र वास यायचा, रात्री ज्योतही दिसायची. धुरा मोडायच्या आत बऱ्याच किलोमीटरपर्यंत ही सूचना मिळत राहायची. ब्रेक व्हॅनमधला गार्ड वळणावर दोन्ही बाजूंनी गाडीभर नजर टाकायचा, आणि स्टेशनवर उभा असलेला पॉइंट्समन जाणाऱ्या गाडीला हिरवं निशाण दाखवताना चाकांकडे बघायचा. वजनं वाढवली, डबे वाढवले आणि नेमके हेच डोळे काढून घेतले. माणूस मागे पाहिजे, यावर मी ठाम आहे.

डिस्टंट_सिग्नल

ब्रेकव्हॅन, तुम्ही वर्णन केलंत ते पितळी बेअरिंगचं. आजचं रोलर बेअरिंग बंद डब्यासारखं असतं, आत ग्रीस आणि बाहेर सील. ते बिघडतं कसं? रोलर किंवा त्याच्या मार्गावरचा पोलादाचा पापुद्रा उडतो, पिंजरा मोडतो, पाणी शिरून ग्रीस जातं, किंवा आतली कडी धुऱ्यावर सैल होऊन स्वतःच फिरू लागते. यातलं काहीही झालं तरी बराच काळ बाहेर काही दिसत नाही. मग अगदी थोड्या वेळात तापमान चढतं, धुऱ्याचं टोक लाल होऊन पिळवटतं आणि तुटतं. दोन किमी लांब गाडीच्या शेवटी बसलेल्या माणसाला ऐंशीव्या डब्याखालचा तो लालसरपणा सरळ रुळावर दिसणारच नाही.

३ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइनला ३८ डबे घसरले, त्यांतल्या ११ टाक्यांत धोकादायक रसायनं होती. लाइनच्या कडेला तापमान मोजणारी तीन यंत्रं त्या बेअरिंगने ओलांडली होती. हवेच्या तापमानापेक्षा पहिल्यावर २१ अंश सेल्सिअस जास्त, दुसऱ्यावर ५७, तिसऱ्यावर १४१. ताबडतोब थांबा, असा इशारा १११ च्या वर द्यायचा, असं त्या रेल्वेने ठरवलेलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या यंत्रात ३२ किमी अंतर होतं. चालकाने तिसऱ्या यंत्राच्या इशाऱ्यावर ब्रेक लावला, पण तोवर उशीर झालेला होता.

या प्रकरणात मला गाडीच्या लांबीइतकाच, किंबहुना जास्त, दोष त्या ३२ किमींचा आणि त्या मर्यादेचा वाटतो. २१ वरून ५७ ही वाढ स्वतःच इशारा आहे. एका यंत्रापासून पुढच्या यंत्रापर्यंत तापमान किती चढलं, आणि त्याच धुऱ्याच्या दुसऱ्या टोकापेक्षा किती जास्त आहे, हे बघून गाडी थांबवायला हवी. यंत्रं पंधरा-वीस किमीवर हवीत. कानाने ऐकणारी यंत्रंही आहेत, मायक्रोफोनच्या रांगेवरून बेअरिंगचा खरखरीत आवाज ती तापण्याच्या आधीच ओळखतात.

गेजमीटर

तुम्ही सगळे गाडीबद्दलच बोलताय. घसरते ती चाक आणि रुळाची जोडी, आणि रुळाचा विषय कोणी काढलाच नाही.

मालधक्का यांनी ०.६ ची मर्यादा दिली ती रूळ कलंडण्याची. चाकाची कड रुळावर चढण्याचा हिशेब वेगळा, तो नादालच्या सूत्राचा. कडेचा कोन आणि घर्षण एवढंच त्यात लागतं. कडेचा कोन ६८ अंशांच्या आसपास असेल आणि घर्षणांक ०.२५, तर आडवा जोर उभ्या भाराच्या जवळजवळ १.४ पट होईपर्यंत चाक चढत नाही. घर्षणांक ०.५ झाला की तीच मर्यादा ०.९ च्या खाली येते. गाडी तीच, जोडणी तीच, लांबी तीच. फरक एवढाच, की वळणावरच्या रुळाच्या आतल्या कडेला ग्रीस लागलंय की नाही. नुकतंच लेथवर तासलेलं खडबडीत चाक आणि कोरडा रूळ ही जोडी म्हणूनच वाईट असते. कड झिजून तिचा कोन बदलला की हिशेब आणखी बिघडतो.

रिकामी वाघीण का घसरते, याचं अर्धं उत्तर पिळात आहे. दोन रुळांच्या उंचीतला फरक थोड्या अंतरात बदलतो तेव्हा वाघिणीचं एक चाक हवेत राहू पाहतं. भरलेल्या वाघिणीची स्प्रिंग दबलेली असते, ती सुटून चाकाला खाली धरून ठेवते. रिकामीची स्प्रिंग मुळातच फारशी दबलेली नसते, त्यामुळे पाठपुरावा करायला तिच्याकडे जागाच नाही. त्यात बोगीचा वेज (डोलणं आवरणारी पाचर) झिजलेला, साइड बेअररमधलं (डब्याला बाजूने टेकू देणारा भाग) अंतर चुकीचं किंवा एका बाजूची आतली स्प्रिंग मोडलेली, असं काही असेल तर त्या चाकावर नावापुरता भार उरतो. मोजपट्टी लावणारे लोक पीळ मोजताना गाडी नसताना मोजतात. खडीत मातीचा चिखल झालेल्या जागी स्लीपर अधांतरी लटकत असतो. गाडी वर आल्यावर तो किती खाली जातो ते मोजल्याशिवाय खरा पीळ कळत नाही.

मालधक्का यांच्या हिशेबात आणखी एक भर घालतो. चढावर मालगाडी हळू असते, पण वळणाचा बाहेरचा रूळ उचललेला असतो वेगवान गाड्यांसाठी. १०० मिमी उचल असेल तर ३० टनी डब्याचे आणखी १.७ टन आतल्या बाजूला ढकलतात. त्यामुळे आतल्या चाकांवरचा उभा भार थोडा वाढतो, तो धरूनही गुणोत्तर ०.५ वरून ०.६ च्या दाराशी येतं.

आणि उन्हाळा. ६० किलोच्या सलग जोडलेल्या रुळात दर अंशाला साधारण १.८ टन दाब साठतो. तणावमुक्त तापमानाच्या (ज्या तापमानाला रुळात ताण किंवा दाब नसतो) ३० अंश वर गेलं की एका रुळात ५५ टन, दोन्हींत ११०. आता जड गाडी उतारावर सतत ब्रेकखाली आली की ती रूळ पुढे सारत नेते. पूल किंवा सांध्यासारख्या पक्क्या जागेपाशी हे सरकणं अडतं आणि दाब तिथेच साचतो. खांद्याची खडी कमी असेल तर रूळ गाडीखालीच साप होऊन बाहेर येतो, बहुतेक वेळा मागच्या अर्ध्या भागाखाली, कारण तोवर पुढच्या चाकांनी मार्ग हलवून सैल केलेला असतो.

चाकरूळ

शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. तासाला चार छोट्या गाड्या गेल्या तर प्रत्येकीनंतर मार्ग थोडा बसतो. त्याच जागेवरून एका दमात दहा-बारा हजार टन ब्रेकखाली गेले तर मध्ये बसायला वेळच नाही.

गेजमीटर

अर्धं मान्य. हादरा बसल्यावर मार्ग आपोआप घट्ट होत नाही. पॅकिंग केल्यानंतर खडी पुन्हा पक्की व्हायला काही लाख टन वाहतूक किंवा कंपन यंत्र लागतं, आणि तोवर वेगमर्यादा लावलेली असते. त्या दिवसांत सतत ब्रेक लावावा लागेल अशी कोणतीही जड गाडी नको, लांब असो की आखूड. उन्हाच्या तासांत तर नकोच.

ब्रेकव्हॅन

डिस्टंट_सिग्नल, लाइनकडेची यंत्रं बेअरिंग बघतील. चाकाच्या तबकडीचं काय? १० ऑगस्ट २०२३ ला स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड पायथ्याच्या बोगद्यात मालगाडीचं चाक थकव्याच्या भेगांनी तुटलं. घसरलेला डबा कित्येक किलोमीटर स्लीपर फोडत ओढला गेला, आणि पुढच्या सांध्यावर, म्हणजे लाइन बदलायच्या जागी, गाडी फुटली. बोगदा पूर्ण सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. घसरल्याचं चालकाला वेळेत कळलंच नाही. मागे माणूस असता तर हादरे आणि उडणारी खडी त्याच्या लक्षात आली असती.

डिस्टंट_सिग्नल

डबा मधला असेल तर मागच्या माणसाला स्लीपर फुटल्याचा हादरा जाणवेल, हे मान्य. पण त्याला कळून त्याने ब्रेक लावेपर्यंतचा वेळ कमी करणारी गोष्ट उपलब्ध आहे. डब्याच्या टोकाला बसवायची एक झडप येते. डबा उभ्या दिशेने ठरावीक प्रमाणाबाहेर हादरला की ती स्वतःच ब्रेक पाइपची हवा सोडते. चाक स्लीपरवर उतरल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये गाडीला कळतं.

चाकाच्या भेगांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ओतीव लोखंडाच्या ब्रेक ब्लॉकऐवजी संमिश्र ब्लॉक लावले की उष्णता ब्लॉककडे कमी आणि चाकाकडे जास्त जाते. आवाज कमी होतो, चाक जास्त तापतं. कोणतं चाक कोणत्या ब्लॉकबरोबर चालेल आणि अल्ट्रासाउंड तपासणी किती किलोमीटरनंतर, हे ठरवल्याशिवाय ब्लॉक बदलणं चुकीचं.

चाकरूळ

त्या झडपेबद्दल सावध राहा. मधल्या डब्यातून इमर्जन्सी लागली की मागचे सहा हजार टन मधल्या डब्यांवर येऊन आदळतात. मध्ये रिकामे डबे असतील तर ते आडवे होऊन शेजारच्या लाइनवर पडतील. एक बोगी घसरलेली होती, तिथे वीस डबे पडतील. आखूड गाडीत ही झडप वरदान आहे. लांब मिश्र गाडीत ती धोक्याची, आणि यातूनच माझा मूळ मुद्दा सिद्ध होतो. सुरक्षेची साधी साधनंसुद्धा लांबी वाढली की उलटी फिरतात.

मालधक्का

मिश्र गाडीत आणि रिकामे मध्ये असतील तर. भरलेल्या एकसारख्या रेकमध्ये हीच झडप लावायला तुमची हरकत नसावी. ज्वालाग्राही टाक्यांच्या पूर्ण रेकला तर ती सक्तीचीच हवी. २९ जून २००९ ला इटलीत व्हियारेज्जोला गंजलेला धुरा तुटून गाडी घसरली आणि एलपीजीची टाकी फुटली, ३२ माणसं गेली. अशा गाडीत घसरल्यावर पुढे ओढलं जाणारं प्रत्येक मीटर टाकीला भोक पाडायची संधी असते.

पॉइंट्समन

वादात प्रत्यक्ष गाडी जोडणाऱ्याला उपयोगी पडेल असं काही ठरेल का? लांब रिकामा डबा पुढच्या भागात लावावाच लागला, कारण तो पहिल्याच यार्डात काढायचा आहे, तर त्याच्यामागे किती वजन चालेल?

मालधक्का

नुसत्या आकड्यापेक्षा पूर्ण हिशेब देतो, आपापल्या मार्गाचे आकडे घालून बघा. चढ १.२ टक्के असेल तर दर टनाला १२ किलो. गाडीचा स्वतःचा विरोध साधारण २ किलो. पाच अंशी, म्हणजे ३५० मीटरच्या वळणाचा आणखी २ किलो. एकूण १६ किलो दर टनाला. मागे ६,००० टन असतील तर त्या डब्याच्या कपलिंगमध्ये ९६ टन ओढ आली, म्हणजे वर दाखवलेली धोक्याची अवस्था. गेजमीटर यांची उचल धरून गुणोत्तर ०.४ च्या आसपास ठेवायचं तर ओढ ६० टनांवर थांबायला हवी. ६० टनांना १६ किलोंनी भागलं की ३,७५० टन. त्याहून जास्त वजन मागे असेल तर डबा मागे न्या, किंवा गाडीच्या शेवटी इंजिन द्या. ते ४० टन ढकलत असेल तर ६,००० टनांना त्या डब्यापाशी ओढ ५६ टनांवर येते.

चाकरूळ

हा हिशेब मला मान्य, एक अट घालून. त्या डब्याच्या शेजारी आखूड वाघीण नको. २७ मीटरच्या डब्याचं टोक वळणावर बरंच बाहेर जातं, १० मीटरच्या वाघिणीचं जात नाही. कप्लर तिरका होतो आणि तुमच्या ६० टनांचा काही भाग त्या कोनामुळे पुन्हा आडवा वळतो. दोन लांब डबे एकमेकांना जोडा, आणि दोघांना मिळून गाडीच्या शेवटच्या चौथ्या भागात टाका. पहिल्या यार्डात शंटिंगला अर्धा तास जास्त लागेल, तो द्यावा.

पॉइंट्समन

शेवटी इंजिन असेल तर ते लांब रिकामे डबे त्याच्या लगेच पुढे नकोत ना? ढकलीचा सगळा जोर त्यांच्यावरच येईल.

चाकरूळ

बरोबर. इंजिनाच्या पुढे आधी दहा-बारा भरलेल्या वाघिणी, मग ते डबे. आणि चढ संपून उतार लागायच्या आत मागच्या इंजिनाचा जोर आधी काढायचा, पुढच्याचा नंतर.